मयेकर मास्तरांची कांदळवाडी

समुद्र मी पहिल्यांदा जयपूरला पाहिला, आठवीच्या वर्गाच्या फळ्यावर. मी मूळची अमरावतीची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीत, नाहीतर रांजणात. लग्न झालं, ह्यांची विम्याच्या कचेरीतली बदली जयपूरला झाली आणि मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. पन्नासच्या दशकाची सुरुवात होती. पहिल्याच आठवड्यात एका वर्गावरून जाताना दार उघडं दिसलं. आत धोतर, कोट आणि काळी टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस फळ्यावर खडूनं एक लांबट, चिंचोळी पट्टी काढत होता.

"बच्चो, ये हमारी कांदळवाडी है," तो सांगत होता. "इधर दर्या. इधर खाडी. और बीच में हम."

त्या 'हम'मध्ये त्यानं अख्खा वर्ग घेतला होता. समोरच्या मुली कुठल्या, तर जुन्या शहराच्या परकोट्याच्या आतल्या गल्ल्यांतल्या, सांगानेरच्या, एक-दोघी रोज रेल्वेनं बस्सीहून येणाऱ्या. पाणी भरलेला तलाव पाहिला तरी ज्यांना जत्रेत गेल्यासारखं वाटायचं अशा. त्या गंभीरपणे माना हलवत होत्या. बस्सीची एक जण उठून म्हणाली, "मास्साब, दोनों तरफ पानी, तो पीने का कहाँ से लाते हो?"

मास्तर असे खुलले, की तिनं जणू त्यांच्या घरच्या सगळ्यांची नावं घेऊन खुशाली विचारली होती. "बीच में खोदो. चार हाथ. मीठा पानी!"

ते मयेकर मास्तर. शाळेत मराठी बोलणारी आम्ही दोघंच, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. मालवणकडचे. लढाईच्या दिवसांत लष्करात कारकून म्हणून लागले, छावण्या बदलत बदलत जयपूरला आले, लढाई संपली तेव्हा नोकरीही संपली. मग इथंच राहून शिकले आणि भूगोलाचे मास्तर झाले. लग्न राहून गेलं होतं. ते कसं राहिलं हे मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वेळेला गावी नव्हतो, बाई." त्यांच्या आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टींचं त्यांच्याकडे हे एकच उत्तर होतं.

हा माणूस वाईट शिक्षक होता असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या भूगोलात जगात एकच गाव होतं. खाडी म्हणजे काय, तर कांदळवाडीची. वाळूचा दांडा कसा तयार होतो, तर कांदळवाडी जशी झाली तसा. वाळवंट शिकवायचं असलं तरी सुरुवात तिथूनच व्हायची, "हमारे यहाँ भी बालू है, लेकिन गीली." या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना एक विडी पुरते, एवढं ते गाव. रुंदी इतकीच, की पुढच्या दारातून दर्या दिसतो आणि मागच्या दारातून खाडी. एक्केचाळीस घरं, एक देऊळ, एक शाळा, बाकी भाटं, म्हणजे माडांच्या बागा. उत्तरेला खाडीचं तोंड, दक्षिणेला वाळूची मान, तिनं ते गाव मुख्य जमिनीला कसंबसं धरून ठेवलेलं. हे सगळं मला आजही तोंडपाठ आहे. मी तिथे कधी गेले नाही.

एकदा शाळेत तपासणीसाठी साहेब आले. त्यांनी आठवीच्या मुलीला भारताच्या किनाऱ्यावरची बंदरं विचारली. पोरीनं मुंबई सांगितलं, मद्रास सांगितलं आणि तिसरं खणखणीत आवाजात कांदळवाडी सांगितलं. साहेबांनी नकाशा मागवला. नकाशात कांदळवाडी होती. मास्तरांनी शाळेच्या प्रत्येक नकाशावर टोकदार पेन्सिलीनं तिचा ठिपका करून ठेवला होता. साहेब चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले आणि हेडमास्तरसाहेबांना घाम फुटला. साहेब गेल्यावर त्यांनी मास्तरांना बोलावून विचारलं, "मयेकरजी, ये आपका गाँव है या कोई रियासत?"

"गाँव ही है साहब," मास्तर म्हणाले. "छोटा है, इसलिए छपा नहीं."

मास्तरांचं दुसरं खूळ म्हणजे त्यांना भरती-ओहोटी कळायची. जयपुरात! तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हा त्यांच्याकडच्या लोकांचा हिशेब. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. मी गणिताची बाई, मला तो हिशेब फार आवडला. मधल्या सुट्टीत मी मुद्दाम चिडवायची, "मास्तर, आत्ता काय?" ते बोटांवर तिथी मोजून, चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, "उतरतंय. आता खाडीत पोरं शिंपल्यांना गेली असतील." बाहेर लू वाहत असायची, खिडक्यांना ओले वाळ्याचे पडदे लावलेले असायचे, आणि हा माणूस आम्हाला शिंपल्यांची बातमी द्यायचा. मी हसायची. आता वाटतं, जरा कमी हसायला हवं होतं.

एकदा त्यांच्याकडे गावाहून टपालानं पुडकं आलं. त्यात सुके सोडे. मास्तर राहायचे त्या खोलीची मालकीण कट्टर शाकाहारी, वयानं मोठी, सगळे तिला मांजी म्हणत. कांदासुद्धा तिच्या घरात लपून यायचा. पुडकं पोचलं तेव्हाच तिला वास आला आणि तिनं जिन्यातूनच विचारलं, "मास्साब, कोई मर गया के?" मास्तर ते पुडकं घेऊन आमच्या घरी आले. मी काही माशांना शिवणारी नव्हे, पण डब्यात घालून गच्चीवर ठेवायला परवानगी दिली. मास्तरांनी त्यातला एक सोडाही शिजवला नाही. मांजीला त्यांनी खोली घेताना शब्द दिला होता, आणि शब्द घराबाहेरही लागू असतो असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी यायचे, गच्चीवर जायचे, डबा उघडायचे, वास घ्यायचे आणि झाकण लावून खाली येऊन बसायचे. पुढे सोड्यांत किडे झाले तेव्हा मीच तो डबा फेकला. त्यांना सांगायचा धीर झाला नाही. पुढच्या रविवारी ते गच्चीवर जाऊन आले आणि नंतर कधी गच्चीवर गेले नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या मोजणीबद्दल.

शिक्षकांच्या खोलीत एक जुना फळा होता. त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मास्तर एक आकडा लिहून ठेवायचे. तो कुणी पुसायचा नाही. मी नवी असताना मला ती मुलांची हजेरी वाटली. ती कांदळवाडीची लोकसंख्या होती. गावी त्यांचे थोरले भाऊ होते, त्यांना ते दादा म्हणत. दादाचं पोस्टकार्ड आलं की आकडा बदलायचा. कुणाला मूल झालं की एक वाढायचा आणि मास्तर सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटायचे. शिपाई विचारायचा, "मास्साब, किसके यहाँ?" ते सांगायचे, "तांडेलों के यहाँ, लड़की." शिपायाला तांडेल कोण हे ठाऊक नव्हतं, पण तो मनापासून म्हणायचा, "बधाई हो." कुणी गेलं की एक कमी व्हायचा. त्या दिवशी मास्तर जेवणाचा डबा उघडायचे नाहीत.

ही मोजणी कशी असते हे मी एकदा नीट विचारून घेतलं, कारण मला एक गोष्ट खटकली होती. एका कार्डात दादांनी लिहिलं होतं, की तांडेलांचे दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत लागले. आकडा दोननं कमी व्हायला हवा होता, झाला नाही.

"ते मुंबईला गेले, गावातून थोडेच गेले?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

मग त्यांनी मला गाऱ्हाण्याचं सांगितलं. त्यांच्याकडे शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. पालखी दारात टेकली की गुरव त्या घराच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतो. घरात हजर असलेल्यांसाठी तर मागतोच, पण जो मुंबईला आहे, जो बोटीवर आहे, जो पलटणीत आहे, त्या प्रत्येकाचं नाव घेतो आणि त्याला सुखी ठेव म्हणून सांगतो. भोवतीची माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतात. ज्याचं नाव गाऱ्हाण्यात, तो गावाचा. तो कुठे राहतो हा प्रश्नच नाही. शिमगा झाला की दादा गाऱ्हाण्यातली सगळी नावं लिहून पाठवायचे. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं मात्र सासरच्या गावच्या गाऱ्हाण्यात जायची, म्हणून त्या वजा. हे वजा करणं मास्तरांना आवडायचं नाही, पण नियम म्हणजे नियम.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

मास्तर लाजले. पन्नाशीला आलेला माणूस लाजला! मग त्यांनी आवाज बदलून, गुरवाचा घोगरा सूर काढून म्हणून दाखवलं, "बा देवा म्हाराजा, जो तुझो गजानन थय जयपुराक मास्तरकी करता, पोरांका शिकयता, तेच्या पाठी उभो रव, तेका सुखान घराक हाड रे म्हाराजा!" आणि शेवटी स्वतःच पुटपुटले, "व्हय म्हाराजा."

बारा वर्षांत ते एकाही शिमग्याला गावी गेले नव्हते. शिमग्यात आमच्या परीक्षा असायच्या. दोन-तीन वर्षांतून एकदा मे महिन्यात जाऊन यायचे. तरी दर वर्षी त्यांचं नाव घेतलं जात होतं, आणि त्या भरवशावर ते उन्हातान्हात जयपूरला राहत होते.

पावसाळा मात्र त्यांना सोसायचा नाही. जयपूरला आभाळ भरून आलं की सगळं शहर गच्च्यांवर चढतं. मुली नटूनथटून झोके घेतात, मिठाईच्या दुकानांत घेवर येतात, शाळेला सुट्टी द्या म्हणून मुलं हेडमास्तरांच्या मागे लागतात. मास्तर अशा दिवसांत पंचांग घेऊन बसायचे. अमावस्या कधी, पुनव कधी. त्या दिवसांच्या आसपास मोठं उधाण येतं, वर पश्चिमेचा वारा असला तर पाणी थेट भाटांत शिरतं. दादांची पावसाळ्यातली कार्डं तेवढ्याच बातमीची असायची. या वर्षी देवळापुढचे चार माड गेले. या वर्षी शाळेची पायरी गेली. फळ्यावर मास्तर ती पट्टी काढायचे, ती दर वर्षी थोडी अरुंद व्हायची. मुलींना ते कळायचं नाही. मला कळायचं, पण मी तरी काय करणार होते? आणि तेही काय करणार होते? हजार मैलांवर बसून पंचांग बघत राहायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

मी जयपूरला जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा पावसाळा संपता संपता दादांचं पाकीट आलं. कार्ड नव्हे, पाकीट. त्या वर्षी पश्चिमेकडची दोन घरं दर्यानं नेली होती. माणसं वाचली. पाकिटात दादांनी लिहिलं होतं, की सरकार काही गावांना दगडी बंधारा बांधून देणार आहे. आपल्या गावचा अर्ज गेला पाहिजे, इंग्रजीतून, नकाशा जोडून, गावची लांबी-रुंदी, घरं आणि माणसं किती ते लिहून. गावात लिहिणारा कोण आहे? तू आहेस. सगळ्या गावानं सांगितलंय, गजा लिहील.

मास्तर तेव्हा जसे वागले तसं वागताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच. आठवडाभर ते चालताना जमिनीवर पाय ठेवत नव्हते. आजवर ते गाव त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घालत होतं, आता गावासाठी गाऱ्हाणं घालायची पाळी त्यांची होती. नकाशा त्यांनी चार वेळा काढला. चौथा इतका सुरेख होता, की आमचे चित्रकलेचे शिक्षक शाळेतल्या सगळ्यांना दाखवत फिरले. इंग्रजी ह्यांनी तपासलं. आकडे माझ्याकडे आले. घरांमागे माणसं, वाडीवार बेरीज, शेवटी एकूण. दोनशे चौऱ्याऐंशी. मी दोनदा बेरीज केली, वरून खाली आणि खालून वर. बरोबर होती. मी खाली बारीक खूण केली आणि कागद परत दिला. "मास्तर, पेढे तयार ठेवा," असंही म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की ही कुणाची बेरीज आहे. गाऱ्हाण्याचं मला ठाऊक होतं. त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं होतं. पण माझं काम बेरजेचं होतं आणि बेरीज बरोबर होती, त्यामुळे मी खूश होते.

तीन-चार महिने गेले. थंडीत मुलं शाळेच्या अंगणात उन्हाला बसायची, मास्तरही तिथेच तास घ्यायचे. एका दुपारी ते तास चालू असताना उठून शिक्षकांच्या खोलीत आले. हातात दादांचं पत्र. मला म्हणाले, "बाई, जरा वाचा. मला वाटतं मी चुकीचं वाचतोय."

ते चुकीचं वाचत नव्हते. गावात साहेब आले होते, सोबत कारकून. सगळी घरं फिरले, माणसं मोजली. एक्क्याण्णव भरली. पंधरा घरांना कुलूप होतं. साहेबांनी अर्ज काढून दादांना विचारलं, बाकीची माणसं कुठे आहेत? दादांनी सांगितलं, मुंबईला आहेत, बोटींवर आहेत, आमचीच आहेत, शिमग्याला सगळी येतात. साहेब हसले. म्हणाले, "मग बंधारा शिमग्यापुरता बांधायचा का?" आणि अर्जातली माहिती फुगवून दिली आहे, असा शेरा मारून कागद बंद केला. त्या वर्षीच्या यादीतून गाव गेलं. दादांनी मास्तरांना एका अक्षरानंही दोष दिला नव्हता. शेवटी लिहिलं होतं, "तू बरोबरच लिवलंस. तेंका आमची माणसां मोजूक येनत नाय."

मी संतापले. साहेबावर, दादांवर, पण सगळ्यात जास्त मास्तरांवर. "तुम्ही भूगोल शिकवता," मी म्हटलं. "सरकार कुणाला मोजतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मग?"

मास्तर खुर्चीवर बसले होते. गुडघ्यांवर हात, मान खाली. "लिहिताना मी तेवढीच लिहायला घेतली होती, बाई. हजर असतील तेवढी. तांडेलांचे दोन मुलगे वगळायला गेलो आणि हात थांबला. त्यांना वगळायचं तर पहिलं मला वगळायला पाहिजे. ते मला होईना." मग म्हणाले, "आणि मला वाटलं, जास्त माणसं दिसली तर लवकर बांधतील. हेही खरं आहे. नाही म्हणत नाही."

मला रागानं रडू आलं. मी खूण केलेला तो कागद डोळ्यांसमोर दिसायला लागला. मी विचारायला हवं होतं. एक प्रश्न, बस्स. मी मुलींची उत्तरपत्रिका तपासताना उत्तर बरोबर असलं तरी रीत बघते, आणि इथे रीत बघितलीच नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "तुमची बेरीज बरोबर होती, बाई," आणि त्यांनी मला खरंच दिलासा द्यायला म्हणून ते म्हटलं होतं.

मग त्यांनी पुन्हा अर्ज केला. आणखी एक केला. एकदा उत्तर आलं, की विचार होईल. नंतर राज्य नवं झालं, कचेऱ्या बदलल्या, जुने कागद कुठे गेले ते कुणाला सांगता येईना. ह्यांनी मुंबईतल्या एका ओळखीच्या गृहस्थांना लिहिलं, त्यांनी आपुलकीनं चौकशी केली आणि काहीच झालं नाही. कुणी वाईट वागलं असं नाही. सगळेच बरे वागत होते आणि दर पावसाळ्यात दर्या गाव खात होता.

त्यानंतर मास्तर गावी गेले नाहीत. मे महिन्यात जयपूरच्या त्या भट्टीत खोलीवर बसून राहायचे. मांजी मला सांगायची, "मास्साब मटके पे मटका पाणी पीवै, फेर भी होंठ सूखा." मी विचारलं तर म्हणायचे, "कोणत्या तोंडानं जाऊ?" मी म्हटलं, अहो, तुमच्यावर कुणी रागावलेलं नाही. ते म्हणाले, "तेच तर." वर्गात आता ते पुस्तकातला भूगोल शिकवायचे, नेमका, परीक्षेपुरता. मुलींचे निकाल सुधारले. एकदा कुठल्याशा मुलीनं आपणहून विचारलं, "मास्साब, आज कांदळवाडी नहीं?" त्यांनी तिला बाकावर उभं केलं. त्यांना कुणाला शिक्षा करताना मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि तास संपल्यावर तिची माफी मागतानाही.

पुढच्या एका श्रावणात दक्षिणेकडची ती वाळूची मान फुटली. पाणी आरपार गेलं. देऊळ राहिलं, शाळा गेली, अर्ध्याहून जास्त घरं गेली. माणसं खाडीपलीकडच्या सड्यावर हलली. सडा म्हणजे वर, कातळावर. तिथे माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहिली. त्यातली बरीच तिथून मुंबईला गेली. मास्तरांनी हे मला एका वाक्यात सांगितलं, "कांदळवाडीत आता कोण राहत नाही," आणि वर्गावर निघून गेले. मी त्यांच्या मागे दोन पावलं गेले आणि परत फिरले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमची बदली आली. सामान बांधायला घेतलं होतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, दुपारची वेळ. मास्तर आले. हातात दादांचं पाकीट.

"बसा," मी म्हटलं. ते बसले नाहीत.

दादांनी लिहिलं होतं, सड्यावर पाणी नाही. खाली वाळूत चार हात खणलं की गोडं पाणी लागायचं, इथे कातळ. बायका अर्धा कोस उतरून जातात आणि डोक्यावर पाणी घेऊन चढतात. तांडेलांची सून चढताना पडली, पोटुशी होती. आता सरकार विहीर देईल असं म्हणतात, अर्ज पाहिजे, किती माणसांना पाणी लागतं ते लिहून. सोबत नावांची यादी होती.

"बाई, तुम्ही लिहा," मास्तर म्हणाले. "या वेळी चुकून चालणार नाही. मी लिहिलं तर हात तिकडेच जाईल."

मी बांधलेली पेटी उघडून कागद काढले. यादी बघितली. दादांनी या वेळीही सगळी नावं लिहिली होती. मुंबईची, बोटीवरची, पलटणीतली. त्या म्हाताऱ्याला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांना ते आधीच ठाऊक होतं.

"जे रोज तिथलं पाणी पितात, तेवढेच ठेवा," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी एकेक नाव वाचायला लागले. "भिकाजी तांडेल?"

"मुंबई."

मी पेन्सिलीनं रेघ मारली.

"सुभद्रा?"

"आहे."

"पांडुरंग?"

"बोटीवर."

असं चाललं होतं. काही नावांना ते पटकन बोलायचे, काहींना वेळ लागायचा. एका नावाला म्हणाले, "हा म्हातारपणी येईल," आणि मी थांबले, तर म्हणाले, "मारा." मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी बेरजेची बाई, आणि बसून एका गावातली माणसं खोडत होते. खोडल्याशिवाय विहीर मिळणार नव्हती. विहिरीसाठी तेच करणं बरोबर होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

यादीच्या तळाशी एक नाव होतं, दादांच्या वाकड्या अक्षरात, पुढे जयपूर लिहिलेलं. ते मी वाचलं नाही. तशीच रेघ मारली.

बेरीज केली, वरून खाली आणि खालून वर. अर्ज लिहिला. पाकिटात घातला. मास्तरांनी ते पाकीट हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं.

"किती भरली?"

"अडुसष्ट."

"त्यात मी नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टपालाची पेटी कोपऱ्यावर होती. ते तिथवर गेले, पाकीट आत टाकलं, खाली पडल्याचा आवाज येतो का म्हणून पेटीला कान लावला आणि आपल्या खोलीच्या दिशेनं निघून गेले. मी दारात उभी होते. मला त्यांना हाक मारायची होती, पण काय म्हणून मारायची, ते सुचलं नाही.